आप्पासाहेबांच्या लॉरीचे दिवे

दिवा गेला तर गेला म्हणता येतं. बल्ब उडाला, तार तुटली, काहीतरी कारण सापडतं आणि माणूस निवांत झोपतो. पण आप्पासाहेबांच्या लॉरीचे पुढचे दोन दिवे गेलेही नव्हते आणि राहिलेही नव्हते. मर्जी असली की असे लखलखायचे की समोरच्या बाभळीचे काटे मोजून घ्यावेत. मर्जी नसली की उदबत्तीच्या टोकाएवढे लाल होऊन बसायचे. कानिफनाथ ड्रायव्हर गेले कित्येक दिवस या दिव्यांच्या मनात काय आहे ते शोधत होता. ज्याला स्वतःच्या बायकोच्या मनातलं कधी कळलं नाही त्याला लॉरीच्या मनातलं काय कळणार, असं गुऱ्हाळावरची माणसं म्हणत. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

लॉरी लढाईतली होती. लढाई संपल्यावर नगरच्या छावणीत सरकारनं अशा गाड्यांचे लिलाव काढले, तेव्हा बेलापूरच्या आप्पासाहेबांनी ही उचलली. तिच्या पाठीवर एक लाकडी खोली होती. कुणा गोऱ्या साहेबाला लढाईच्या मुलखात राहायला सोय म्हणून ती केलेली. खोलीला दार होतं, दाराला कडी होती, दोन बाजूंना दोन खिडक्या होत्या. भिंतीला टेकवलेली फळी खाली पाडली की खाट व्हायची आणि छताला इवलासा विजेचा दिवा होता. आप्पासाहेबांना या थाटाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती गाडीची ताकद. त्यांचा उसाचा चरक आणि तो फिरवणारं ऑइल इंजिन लॉरीमागं बांधायचं आणि या गावातून त्या गावात न्यायचं. एका मळ्यातला ऊस संपायचा दुपारी, आणि दुसऱ्या मळ्यात तोडून पडलेला ऊस सकाळी चरकाची वाट बघत असायचा. तोडलेला ऊस वाळत गेला की रस घटतो, गूळ बिघडतो, शेतकरी शिव्या देतो. म्हणून हा सगळा संसार हलायचा तो दिवस मावळल्यावरच. आता अशा कामाला दिव्यांवाचून कसं चालणार?

कानिफनाथ मूळचा पाथर्डीकडचा. तिकडची जमीन म्हणजे दगड आणि आशा. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर बागाईत मुलखात ऊसतोडीला. लढाई लागली तेव्हा तो नगरला जाऊन लष्करात लॉरी चालवायला शिकला. लढाई सुटली, नोकरी सुटली, पण हातातलं स्टिअरिंग सुटलं नाही. लिलावातली लॉरी बेलापुरी आणायला ड्रायव्हर पाहिजे होता, आणि ती आणली तोच पुढं कायमचा ड्रायव्हर झाला. आप्पासाहेब म्हणाले, राहायला वेगळी जागा मिळणार नाही, मागल्या खोक्यात राहा.

हे ऐकून कानिफनाथच्या बायकोला, कडूबाईला, आधी खरंच वाटलं नाही. तिनं लग्नापासून दरसाल कोपीत संसार केला होता. उसाच्या पाचटाची कोपी बांधायची, वाकून आत शिरायचं, वाकून बाहेर यायचं, आणि हंगाम सरला की आपल्याच हातानं मोडायची. गावी त्यांच्या वाटणीला घर म्हणून जे आलं होतं ती एक भिंत होती. घर नव्हे, भिंतच. तर ही बाई पहिल्या दिवशी लॉरीच्या पायऱ्या चढली, ताठ मानेनं दारातून आत गेली, दार लावलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. कानिफनाथ बाहेर उभा राहून आतली कडी ऐकत होता.

"हितं ऱ्हायाचं आपुन?" तिनं आतूनच विचारलं.

"व्हय."

"हंगाम सरल्यावर बी?"

"गाडी हाय तवर."

मग काय विचारता. कोपऱ्यात देव बसले, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा आला, दाराला आंब्याची पानं लागली, पायरीशेजारी चूल मांडली गेली. गुऱ्हाळावर बैलांना तोटा नव्हता, तेव्हा शेणालाही नव्हता. कडूबाईनं ती लाकडी भुई शेणानं अशी सारवली की गोरा साहेब परत आला असता तर त्यालाही मांडी घालून बसावंसं वाटलं असतं. माणसं राहतात तिथली भुई सारवलेली असते. यात विचार करण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही, कानिफनाथलाही नाही.

आप्पासाहेब त्या खोलीला खोकं म्हणायचे, कानिफनाथ मागलं म्हणायचा, आणि कडूबाई घर म्हणायची. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं.

दिव्यांचं रुसणं सुरू झालं ते दिवाळीनंतर. आधी नुसतेच मंद व्हायचे. कानिफनाथ उतरून काचा पुसायचा, बल्ब हलवून बघायचा, बोनेटवर एक थाप मारायचा. दोन मैल गेल्यावर दिवे आपोआप तेजात यायचे आणि याला वाटायचं, थाप लागू पडली. थापेनं जमेना तेव्हा तो लॉरी घेऊन नगरला महमूद मिस्त्रीकडं गेला. महमूद लष्करी वर्कशॉपात काम केलेला, आता स्वतःची पत्र्याची शेड टाकून बसलेला. मोटारीच्या विजेच्या कामात जिल्ह्यात त्याचं नाव होतं आणि त्या नावाला तो स्वतःही फार जपायचा.

"लाव दिवे," महमूद म्हणाला.

कानिफनाथनं बटण ओढलं. भर उन्हात काय दिसणार, म्हणून दिव्यांवर घोंगडं टाकून दोघांनी आत डोकी घातली आणि दोघांचे डोळे दिपले.

"हे मंद?" महमूदनं घोंगड्यातूनच विचारलं.

कानिफनाथ ओशाळला. घरी तापानं फणफणलेलं पोर वैद्याच्या दारात जाऊन उड्या मारायला लागावं, तसं झालं होतं. तरी महमूदनं बल्ब बदलले, टोकं घासली, बॅटरी तपासली. बॅटरी पैलवानासारखी भरलेली. तो गाडीखालीही जाऊन आला आणि म्हणाला, "खाली चिखल लई बसलाय. पाटाकडच्या वाटेनं हिंडता ना. बाकी गाडी ठीक हाय."

लॉरी बेलापूरला आली आणि चौथ्या दिवशी दिवे पुन्हा उदबत्ती.

पुन्हा नगर, पुन्हा घोंगडं, पुन्हा लखलखाट. या वेळी महमूदलाही हसू आलं नाही. त्यानं सगळी वायरिंग बोटानं चाचपली. पुढून येणाऱ्या तारा खोलीच्या फळ्यांखालून जात होत्या, तिथंच एका लाकडी पाटीवर त्यांचे सांधे होते आणि तिथूनच एक तार खोलीतल्या छताच्या दिव्याला गेली होती. तारा जुन्या, वरून कापडाचं वेष्टण असलेल्या. "कोन जाने," तो म्हणाला, "ही खोलीच झंजट असंल. खोली नसती तर तारा सरळ दिसल्या असत्या."

हे त्यानं सहज म्हटलं, आणि कानिफनाथनं तितक्याच सहज ते आप्पासाहेबांच्या कानावर घातलं. भोळेपणाला औषध नाही म्हणतात ते याचसाठी.

इकडं कानिफनाथची मती गुंग झाली होती. त्यानं डाव्या दिव्याचा बल्ब उजवीकडं घालून पाहिला आणि उजव्याचा डावीकडं. दोन्ही सारखेच मंद. सोमवारी लागतात, शुक्रवारी लागत नाहीत, असा एक नियम त्यानं बसवला, तर पुढच्या शुक्रवारी दिवे असे पेटले की त्याचीच त्याला लाज वाटली. लांबच्या मजलेनंतर चांगले असतात, असाही एक नियम त्याला दिसत होता. पण मग एका जागी उभी असताना गाडीला काय होतं? उभ्या गाडीचं कोण काय बिघडवणार? रात्री खाटेवर पडून तो छताच्या दिव्याकडं बघत राहायचा. तोही आता कधी लागायचा, कधी नाही.

गुळव्या श्रीमंतला मात्र सगळं कळलं होतं. काहिलीपाशी बसून गुळाची नेमकी वेळ ओळखणाऱ्या माणसाला जगातलं बाकी सगळंही ओळखता येतं, अशी त्याची समजूत होती. "ती खोली गोऱ्या सायबाची," तो म्हणाला. "साहेब मेला असंल आत. त्याला उजेड सोसत न्हाई."

"मग सोमवारी कसा सोसतो?" कानिफनाथनं विचारलं.

"सोमवारी महादेवाचा धाक."

कानिफनाथनं हे हसण्यावारी नेलं, पण कडूबाईनं नाही नेलं. घरात काही असेल तर घर निर्मळ ठेवणं हा तिचा उपाय. पूर्वी ती आठवड्यातून एकदा सारवायची, ती आता दिवसाआड सारवायला लागली. शेणात गोमूत्र कालवून, कोपरान् कोपरा. सारवून झालं की दारात बसून ती दिव्यांना मनातल्या मनात विनवायची. दिव्यांचं दुखणं मात्र वाढतच चाललं.

आणि मग पाटावरचा तो प्रकार झाला. संध्याकाळची वेळ, राहुरीकडं निघालेली लॉरी, मागं चरक, त्यामागं इंजिन. पाटाच्या कडेनं वळण घेताना दिवे लाल झाले आणि पुढचं काही दिसेना. कानिफनाथनं ब्रेक दाबला. उतरून पाहतो तर पुढचं चाक काठाच्या मुरमावर, आणि खाली पाणी. कडूबाई मागं खोलीत होती. तिला काही समजलंच नाही. तिनं खिडकीतून विचारलं, "आलं का राहुरी?"

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी कानिफनाथला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. ओरडलेही नाहीत.

"कानिफा, काल चरक पान्यात गेला असता. उद्या तू जाशील."

"व्हय, आप्पासाब."

"तुझा मिस्त्रीच म्हनला ना, खोकं हाय म्हनून तारांचा घोळ सापडत न्हाई? मग खोकं उतरवू. सुताराला सांगून ठेवलंय. बाजाराच्या आदल्या दिवशी सांच्याला मी येतो. दिवे नीट असतील तर ऱ्हाऊ दे. नसतील तर सकाळी सुतार खोकं खोलून घेईल. तुमी दोघं चरकाशेजारी कोपी घाला. समदी मानसं घालतात."

समदी माणसं घालतात, हे खरंच होतं. कानिफनाथ परत आला तेव्हा कडूबाई भाकरी थापत होती. त्यानं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकून तिनं पाणी फिरवलं आणि म्हणाली, "त्या महमूदभावांना हिकडंच बोलवा की. गाडी तिकडं न्हेली की शानी हुती. हितं येडी असती तवा तरी बघतील."

एवढी साधी गोष्ट दोन पुरुषांना सुचली नव्हती.

महमूद बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं बेलापुरी उतरला आणि पिशवी घेऊन गुऱ्हाळावर आला. त्याचाही चेहरा उतरलेला होता. दोनदा बरी केलेली गाडी तिसऱ्यांदा आजारी पडली तर दोष गाडीचा नसतो, मिस्त्रीचा असतो, हे त्याला लोकांनी सांगायची गरज नव्हती. कडूबाईनं त्याला गुळाचा चहा दिला. कपबशी परत घेताना तिनं विचारलं, "भाऊ, ऱ्हाईल का घर?"

"बघतो, वहिनी," महमूद म्हणाला. खोटा धीर देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

बॅटरी पाहिली तर पार उतरलेली. सकाळपासून गाडी जागची हलली नव्हती, कुणी बटणाला हात लावला नव्हता, आणि तरी बॅटरी रिकामी. महमूद तिथंच उकिडवा बसला. "हिचं रगत कोन पितंय?" तो स्वतःशीच म्हणाला. गुऱ्हाळावरच्या इंजिनपाशी एक बॅटरी होती, ती काढून त्यानं लॉरीला लावली. दिवे लखलखले. मग तो आणि कानिफनाथ दोघंही लॉरीखाली उताणे सरपटत गेले. महमूदच्या हातात दोन तारांना बांधलेला एक छोटा बल्ब होता. त्याची टोकं तो सांध्यांना लावायचा, बल्ब पेटायचा, मग पुढचा सांधा.

"हितवर करंट हाय," महमूद म्हणाला. "हितं बी हाय. सगळीकडं हाय. मग जातो कुठं?"

कानिफनाथ वरच्या फळ्यांकडं बघत पडला होता. डोक्यात एकच विचार फिरत होता की उद्या या वेळी वर आभाळ दिसेल.

वर कडूबाईही उद्याचाच विचार करत होती. महमूदच्या "बघतो"मध्ये तिनं जे ऐकायचं ते ऐकलं होतं. घर जाणारच असेल तर जाऊ दे, पण घाण टाकून जायचं नाही. कोपी मोडतानासुद्धा ती आतली जागा झाडून मोडायची. इथं तर ती ताठ मानेनं राहिली होती. तिनं देव उचलून फळीवर ठेवले, बादलीत शेण कालवलं, पदर खोचला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. डोळ्यांना पाणी येत होतं, ते तिनं येऊ दिलं.

पहिला थेंब कानिफनाथच्या कानात पडला. त्यानं मान झटकली. दुसरा महमूदच्या कपाळावर पडला आणि भुवईवरून डोळ्यात उतरला. त्यानं मनगटानं पुसला, मनगट नाकाशी नेलं आणि वर पाहिलं. वर फळ्यांवरून हाताचा सर्र सर्र आवाज पुढं पुढं सरकत होता. आणि महमूदच्या हातातला बल्ब, जो एवढा वेळ पिवळाधमक जळत होता, तो हळूहळू तांबूस व्हायला लागला.

दोघंही त्या बल्बाकडं बघत राहिले. फळ्यांच्या फटीतून हिरवट पाणी ओघळत होतं, बरोबर सांध्यांच्या पाटीवर. तिथून तारांच्या कापडात मुरत होतं, आणि उरलेलं लोखंडावरून खाली.

महमूदनं पेचकस घेतला आणि पाटीवरचा चिखल खरवडला. त्याचा पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा पापुद्रा, त्याखाली तिसरा.

"कानिफभाऊ," तो हळूच म्हणाला, "ह्यो चिखल न्हाई."

"मग?"

"शेन हाय. मी दोनदा बघितलं आन दोनदा चिखल म्हनलो. अरे, चिखल वरनं कसा येईल? खालनं उडतो चिखल."

कानिफनाथला अजून उमगत नव्हतं. महमूदनं त्याला पोराला समजवावं तसं समजावलं. कापड ओलं झालं की करंट तारेतून पुढं न जाता त्या ओलीतून भलतीकडंच झिरपतो. गाडी उभी असली तरी झिरपतच राहतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. वाळलं की थांबतो. नगरला यायचं म्हणजे दिवसभर इंजिन चालतं, बॅटरी भरते, वाऱ्यानं तारा वाळतात, आणि वाटेत कुणी सारवत नाही.

"म्हंजी आमी जेवडं सारवलं..." कानिफनाथ म्हणाला आणि तिथंच थांबला. त्याला हसू येत होतं आणि रडूही, आणि त्यातलं आधी कोणतं बाहेर काढावं ते समजत नव्हतं. भूत नव्हतं, गोरा साहेब नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातली गत.

वरचा सर्र सर्र आवाज थांबला होता. फळ्यांच्या ज्या फटींतून पाणी खाली येत होतं त्याच फटींतून बोलणं वर जात होतं.

दोघं बाहेर आले तेव्हा कडूबाई दारात उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, अंगापासून लांब धरलेले.

"माज्यामुळं?" तिनं विचारलं.

कानिफनाथ जमिनीकडं बघू लागला. महमूदच म्हणाला, "कुनाला ठावं हुतं, वहिनी. मला न्हवतं ठावं, तर तुमाला कसं असंल."

"खालनं पत्रा मारला तर?"

"मारता येईल. पन पानी पत्र्यावरनं वाहत कुटंतरी जानारच, आन तारा सगळ्या भुईखालनंच हायेत. पार पुढवर."

"आठवड्यातनं एकदाच सारवलं तर?"

"न्हाई, वहिनी."

"सनावाराला?"

महमूदनं मान हलवली. मग त्यानं कानिफनाथला बाजूला घेतलं. आप्पासाहेबांना कारण सांगावं का, असं त्याला विचारायचं होतं. कारण सापडलं असं चारचौघांत सांगता आलं तर त्याचं गेलेलं नाव परत येणार होतं. कानिफनाथनं हात जोडले. आप्पासाहेबांना जर कळलं की माणसं राहतात म्हणून दिवे बिघडतात, तर ते खोकं ठेवतील आणि माणसं काढतील. महमूदनं दाढी खाजवली, लॉरीकडं पाहिलं, दारातल्या बाईकडं पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "दिवे लागल्याशी मतलब. मी खालचं साफ करून तारा वाळवतो, वरनं ट्यूबचं रबर गुंडाळतो. पन वरनं आता एक थेंब नको."

कानिफनाथ खोलीत चढला. अर्धी भुई सारवून झाली होती. तिच्यावर हाताच्या बोटांच्या कमानी उमटल्या होत्या, एकीला एक लागून. कडूबाई गुडघ्यांवर बसून डब्याच्या झाकणानं तेच ओलं शेण खरवडून बादलीत भरत होती. त्याखालचं जुनं सारवणही ढलप्या होऊन निघत होतं. तिच्यामागं काळ्या फळ्या उघड्या पडत चालल्या होत्या, त्यांवर खिळ्यांची गंजकी डोकी, आणि एका फळीवर पांढऱ्या रंगात कसलेसे इंग्रजी आकडे.

कानिफनाथनं दुसरं झाकण घेतलं आणि तोही खरवडायला बसला.

"अवं," ती म्हणाली, "ह्ये तर खोकंच दिसाया लागलं."

त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. घर ते घरच, असं काहीतरी. पण त्यालाही ते खोकंच दिसत होतं आणि बायकोशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. दोघांनी मिळून भुई खरवडली, कोरड्या फडक्यानं पुसली, तरी फळ्यांत थोडी ओल राहिलीच, आणि बादली लांब उकिरड्यावर नेऊन ओतली.

दिवस मावळता आप्पासाहेब छकड्यातून आले. गुऱ्हाळावरची माणसं हातातली कामं टाकून लॉरीभोवती जमली. श्रीमंत गुळव्या काहिलीखालचा जाळ कमी करून सगळ्यांत पुढं येऊन उभा राहिला. कानिफनाथनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, आणि त्यानं देवाचं नाव घेऊन बटण ओढलं. दोन्ही दिवे असे पेटले की समोरच्या उसाचं पान न् पान वेगळं दिसायला लागलं. आप्पासाहेबांनी लॉरी मळ्याच्या वाटेवर पुढंमागं न्यायला लावली, खड्ड्यात घालायला लावली, इंजिन मंद करायला लावलं. दिवे हलले नाहीत.

"काय झाल्तं रं, मिस्त्री?"

"तारा वल्या झाल्त्या, आप्पासाब," महमूद म्हणाला. "वाळवल्या."

त्यात खोटं काहीच नव्हतं. आप्पासाहेबांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. श्रीमंत शेजारच्याला म्हणाला, गोरा साहेब गेला. कानिफनाथला मात्र आपण सुटलो की नाही ते अजून कळत नव्हतं. तो आप्पासाहेबांच्या तोंडाकडं बघत होता.

"सुताराला सांगतो, येऊ नको म्हनून," आप्पासाहेब म्हणाले. "ऱ्हाऊ दे खोकं. आतला दिवा बी लागतो का, बघू दे."

आणि ते पायऱ्या चढले. पायात जाड चामड्याच्या करकरीत वहाणा होत्या, दिवसभर मळ्यात हिंडून चिखलानं माखलेल्या. त्यांनी दार ढकललं आणि पहिलं पाऊल आत टाकलं. फळीवर खाडकन आवाज झाला. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी सारवलेल्या भुईवर वहाणा घालून गेलं नसेल, आणि उघड्या फळ्यांच्या लॉरीत चढताना कुणी वहाणा काढल्या नसतील. पायाला जे दिसलं ते पायानं ओळखलं.

कानिफनाथला तो आवाज छातीत लागला. त्यानं चुलीकडं पाहिलं. कडूबाई तिथं नव्हती. ती पायरीशी आली होती.

इतक्या दिवसांत ती आप्पासाहेबांशी एक शब्द बोललेली नव्हती. मालकाशी बोलायचं ते नवऱ्यानं, तिनं पदर सावरून बाजूला व्हायचं. आता तिनं पदर सावरला, पण बाजूला झाली नाही.

"आप्पासाब," ती म्हणाली, "वहाना भाईर काढा. घर हाय ते."

मोठ्यानं नाही म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. महमूद हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिला. दिव्यांनी वाचवलेलं हिनं तोंडानं घालवलं, असं कानिफनाथला वाटलं, आणि त्याच वेळी, का ते त्याला कळलं नाही, आपण तिच्या शेजारी जाऊन उभं राहावं असंही वाटलं. तो जाऊन उभा राहिला.

आप्पासाहेब एक पाय आत आणि एक पाय बाहेर असे थबकले होते. त्यांनी खाली पाहिलं. काळ्या फळ्या, खिळे, पांढरे आकडे. मग आत पाहिलं. फळीवर मांडलेले देव, खिडकीचा पडदा, घडी घातलेली वाकळ. मग पुन्हा खाली. घर कुठं सुरू होतं हे ते शोधत असावेत, आणि ते त्यांना सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी आतला पाय मागं घेतला, दाराची चौकट धरली, एक वहाण झटकली, मग दुसरी, आणि अनवाणी आत गेले.

"बटन कुटं हाय?" आतून त्यांचा आवाज आला.

रोज हात जायची ती जागा कानिफनाथला आठवतच नव्हती.

"दाराच्या मागं, डाव्या अंगाला," कडूबाई म्हणाली. "जपून जावा. भुई अजून वली हाय."